लॅपटॉपची बॅटरी: बदलण्याआधी मोजा, टिकवायची असेल तर थंड ठेवा

लॅपटॉप दोन-तीन वर्षांचा झाला की ‘बॅकअप देत नाही’ ही तक्रार सुरू होते, आणि दुकानात गेलं की उत्तर ठरलेलं: बॅटरी बदला. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण बाहेरून सारखे दिसणारे बिघाड चार आहेत. एक, सेल, म्हणजे बॅटरीच्या आतले वीज साठवणारे घटक, खरोखर थकलेत. दोन, सेल ठीक आहेत पण टक्के मोजणारी चिप चुकीचा आकडा दाखवतेय. तीन, चार्जर, त्याची वायर किंवा पिन पुरेशी वीज पोचवत नाही. चार, बॅटरी ठणठणीत आहे पण लॅपटॉपच प्रमाणाबाहेर वीज खातोय. या चारांपैकी नवी बॅटरी फक्त पहिल्याला लागते. बाकी तिघांत ती घेतलीत तर पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं.

सगळ्यात आधी: बॅटरी फुगली आहे का?

हे बघितल्याशिवाय पुढचं काहीही करू नका. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा. डगमगतोय का? टचपॅड एका कडेने वर आलाय, किंवा दाबला तरी क्लिक होत नाही? झाकण पूर्ण मिटत नाही, तळाच्या पत्र्याला पोट आलंय, कडेची फट रुंदावलीय? यातलं काहीही दिसलं तर बॅटरी फुगली असं धरून चाला. आतलं रसायन विघटित होऊन वायू तयार होतो आणि सेलची पाकिटं फुगतात. तो वायू परत जिरत नाही.

अशा वेळी चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि पुन्हा चार्जिंगला लावू नका. फुगवटा दाबून झाकण बसवायचा प्रयत्न करू नका. सुईने भोक पाडून ‘हवा काढायचा’ उपाय कोणी सुचवला तर त्याचं ऐकू नका, त्यातून थेट आग लागते. डेटा हवा असेल आणि बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर ती काढून फक्त चार्जरवर मशीन चालवा. बॅटरी आत असेल तर ते काम सर्व्हिस सेंटरचं. तोवर लॅपटॉप फरशीवर, पडदे, गादी आणि कागदांपासून लांब ठेवा.

लेबल वाचायला शिका

बॅटरीवर, किंवा आतली असेल तर मॉडेलच्या माहितीपत्रकात, तीन आकडे असतात: व्होल्ट, मिलिअँपिअर-तास आणि वॉट-तास. कामाचा आकडा शेवटचा. ११.४ व्होल्ट आणि ३६०० मिलिअँपिअर-तास असं लिहिलं असेल तर ११.४ गुणिले ३.६, म्हणजे सुमारे ४१ वॉट-तास. नुसत्या मिलिअँपिअरवरून दोन बॅटऱ्यांची तुलना करू नका. ७.६ व्होल्टच्या बॅटरीत ५००० मिलिअँपिअर-तास असले तरी ती ३८ वॉट-तासांचीच.

हे व्होल्ट येतात कुठून? लिथियम-आयन सेलचा सरासरी दाब ३.६ ते ३.८ व्होल्ट असतो. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत चढतो, काही नव्या सेलमध्ये त्याहून थोडा वर. असे दोन, तीन किंवा चार सेल एकामागे एक जोडले की ७.६, ११.४, १५.२ असे आकडे मिळतात. ही साखळी ध्यानात असू द्या, कारण तीन सेलपैकी एक जरी कमजोर झाला तरी पूर्ण बॅटरी त्याच्याच ताकदीने चालते.

मोजमाप: विंडोजचा बॅटरी रिपोर्ट

वेगळं सॉफ्टवेअर उतरवायची गरज नाही. स्टार्टमध्ये सीएमडी ही तीन अक्षरं टाईप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा. काळ्या खिडकीत पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी ही आठ अक्षरं सलग टाईप करा, मग एक स्पेस, मग प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ, आणि रेघेला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. एंटर दाबा. फाइल कुठे ठेवली ते खालच्या ओळीत येतं. सहसा ती तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये असते. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडला असेल तर ती विंडोजच्या सिस्टिम-३२ फोल्डरमध्ये जाते आणि लोक ती शोधत बसतात. फाइल ब्राउझरमध्ये उघडते.

त्यात ‘इन्स्टॉल्ड बॅटरीज’ या भागात दोन ओळी शोधा: डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. पहिली म्हणजे कारखान्यातून निघतानाची ठरलेली क्षमता, दुसरी आजची. समजा पहिली ४१,०४० आणि दुसरी २९,५०० मिलिवॉट-तास आहे. दुसरीला पहिलीने भागा: ०.७२, म्हणजे बॅटरी ७२ टक्के उरली आहे. ढोबळ वाचन असं: ८०च्या वर असेल तर बॅटरीला हात लावू नका, दोष दुसरीकडे शोधा. ६० ते ८० म्हणजे वय झालंय पण चालतंय. ५०च्या खाली नवी घ्यायची तयारी करा. नव्या मशीनवर दुसरा आकडा पहिल्यापेक्षा किंचित मोठाही दिसतो, त्यात गैर काही नाही.

त्याच भागात सायकल काउंट असतो. काही कंपन्यांची मशीनं तो कळवत नाहीत आणि तिथे नुसती आडवी रेघ दिसते. एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज ५० टक्के उतरवली, भरली, उद्या पुन्हा ५० उतरवली, की एक सायकल पूर्ण. साध्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या ३०० ते ५०० सायकलींनंतर दमायला लागतात. अ‍ॅपलच्या सध्याच्या मॅकबुकसाठी १००० सायकलींची मर्यादा दिलेली आहे. सायकली ९० आणि क्षमता ६० टक्के असं चित्र दिसलं तर बॅटरी वापराने नाही, उष्णतेने आणि सतत पूर्ण भरून ठेवल्याने मेलीय, हे समजा. चोवीस तास चार्जरला लावलेल्या घरच्या लॅपटॉपमध्ये हेच चित्र नेहमी दिसतं.

मॅकवर ऑप्शन की दाबून ठेवून अ‍ॅपल मेनू उघडा, सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये जा आणि ‘पॉवर’ निवडा. सायकल काउंट आणि ‘कंडिशन’ तिथेच दिसतात. कंडिशनसमोर ‘सर्व्हिस रेकमेंडेड’ आलं असेल तर वाद संपला. लिनक्सवर यूपॉवर हा प्रोग्राम हीच माहिती देतो.

बॅटरी की खर्च?

आता त्याच रिपोर्टमधला लोकांनी सहसा न वाचलेला भाग: ‘बॅटरी युसेज’. कधी, किती वेळ बॅटरीवर चाललं आणि त्यात किती मिलिवॉट-तास उतरले, हे ओळीओळीने दिलेलं असतं. एखादी लांब ओळ निवडा. समजा १ तास २ मिनिटांत १८,४०० मिलिवॉट-तास उतरले. म्हणजे लॅपटॉप सुमारे १८ वॉटने वीज खातोय. साधा चौदा-पंधरा इंची लॅपटॉप वेब बघताना, टाईप करताना ढोबळमानाने ६ ते १२ वॉट घेतो, व्हिडिओ कॉलवर १२ ते २०. टायपिंगलाच १८ लागत असतील तर ४१ वॉट-तासांची कोरी बॅटरीसुद्धा सव्वादोन तासांच्या पुढे जाणार नाही. तोच लॅपटॉप ९ वॉटवर आणला तर ७२ टक्के उरलेली जुनी बॅटरी तीन तासांच्या वर चालेल.

हा भागाकार केल्याशिवाय बॅटरी घेऊ नका. सगळ्या तपासणीत सर्वांत जास्त पैसे वाचवणारी पायरी हीच.

खर्च कुठे होतोय हे पाहायला टास्क मॅनेजर उघडा आणि ‘पॉवर युसेज’ हा रकाना बघा. तो दिसत नसेल तर खिडकी रुंद करा. नेहमीचे दोषी ठरलेले आहेत: पन्नास टॅब उघडा ब्राउझर, एका वेळी चालणारे दोन अँटिव्हायरस, सतत सिंक होणारं क्लाउड फोल्डर, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड जागं ठेवणारा एखादा प्रोग्राम. ब्राइटनेस १०० वरून ५० वर आणल्याने दोन-तीन वॉट सहज वाचतात. स्क्रीन १२० किंवा १४४ हर्ट्झची असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन बॅटरीवर असताना ती ६० वर ठेवा. पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर अडकलेला नाही ना, तेही बघा.

चार्जच होत नाही

पहिला प्रश्न: किती टक्क्यांवर थांबलंय? ८० किंवा ६०च्या आसपास थांबून ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ येत असेल तर बहुतेक वेळा कंपनीच्या अ‍ॅपमधली बॅटरी जपण्याची सोय चालू आहे. बिघाड नाही, उलट चांगलंच चाललंय. ९५ ते ९९च्या मध्ये थांबलं असेल तरी तेच. काठोकाठ भरलेल्या बॅटरीत सारखी भर घालायची नाही म्हणून बऱ्याच मशीन ९५च्या खाली उतरल्यावरच पुन्हा चार्जिंग सुरू करतात.

दुसऱ्या कुठल्या आकड्यावर अडकलंय, किंवा अजिबात चढत नाही, तर या क्रमाने जा:

१. भिंतीतला सॉकेट बदला. हास्यास्पद वाटेल, पण ढिला सॉकेट आणि जळकी एक्स्टेन्शन बोर्ड हे कारण जेवढ्या वेळा निघतं तेवढं दुसरं कुठलंच निघत नाही.

२. चार्जरचं लेबल आणि लॅपटॉपच्या तळाचं लेबल जुळवा. व्होल्ट जुळलेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत. १९.५ व्होल्ट ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॉट. १९ व्होल्ट २.३७ अँपिअर म्हणजे ४५ वॉट. ६५चा लॅपटॉप ४५च्या चार्जरवर एकतर हळू भरतो किंवा वापरात असताना भरतच नाही.

३. टाईप-सी असेल तर केबलवरही संशय घ्या. साधी केबल ३ अँपिअर नेते, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉट. त्याच्या वर जायला ५ अँपिअरची, आत ओळख-चिप असलेली केबल लागते. फोनच्या डब्यातली केबल लॅपटॉपला लावून ‘चार्जर खराब आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. आणि लॅपटॉपवरची प्रत्येक टाईप-सी खाच चार्जिंगची नसते. खाचेशेजारी विजेचं किंवा प्लगचं चिन्ह बघा.

४. गोल पिनच्या चार्जरमध्ये मधोमध बारीक सुई असेल, जशी डेल आणि एचपीच्या बऱ्याच चार्जरना असते, तर ती वीज नेत नाही. चार्जर किती वॉटचा हे ती लॅपटॉपला सांगते. ती वाकली, तुटली किंवा तिची वायर आत सुटली की लॅपटॉप चालतो पण बॅटरी भरत नाही, आणि डेलवर सुरू होताना चार्जरचा प्रकार ओळखता येत नाही असा इंग्रजी संदेश येतो. मशीनही मुद्दाम मंदावतं. यात नवा चार्जर लागतो, बॅटरी नाही. तेवढ्यासाठी बॅटरी बदलून बसलेले लोक कमी नाहीत.

५. पिन खाचेत घालून हलकेच हलवा. दिवा लागतो-विझतो? मग खाच ढिली आहे. बऱ्याच मशीनमध्ये ती वायरसकट सुटी बदलता येते. कोकण-गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत पिनेवर हिरवट-पांढरा थर धरतो. चार्जर भिंतीतून काढून, लॅपटॉप बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने तो पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

६. आता लॅपटॉप पूर्ण बंद करून अर्धा तास चार्जिंगला ठेवा. बंद असताना टक्के चढले आणि चालू असताना चढत नाहीत, तर चार्जर अपुरा पडतोय किंवा दोष विंडोजमध्ये आहे. बंद असतानाही चढत नसतील तर हार्डवेअर.

७. विंडोजचा संशय असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘बॅटरीज’खाली ‘एसीपीआय-कंप्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी’ या नोंदीवर उजवी क्लिक करून ती अनइन्स्टॉल करा. शेजारची एसी अ‍ॅडॅप्टरची नोंद तशीच राहू द्या. मग ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’. नोंद आपोआप परत येते.

८. हार्डवेअरकडे वळण्याआधी एक रीसेट: मशीन बंद, चार्जर बाहेर, निघत असेल तर बॅटरीही बाहेर, आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून ठेवा. मग सगळं लावून चालू करा. काही लेनोवोच्या तळाला पेपरक्लिप जाईल एवढं छोटं रीसेटचं भोकही असतं.

०% वर ‘चार्जिंग’ असं लिहून तासन्‌तास बसलेली बॅटरी हा वेगळा प्रकार. महिनोन्‌महिने कपाटात राहून सेल किमान दाबाच्याही खाली गेलेले असतात, आणि बॅटरीतली संरक्षक चिप त्यांना आधी थेंबाथेंबाने वीज देऊन बघते. मूळ चार्जरवर तासभर नजरेसमोर ठेवून वाट बघा. आकडा हलला नाही तर ती गेली. अशा सेलना बाहेरून थेट करंट देऊन ‘जागं’ करून देतो म्हणणाऱ्या कारागिराला नमस्कार करा आणि निघा. चिपने चार्जिंग नाकारलंय ते कारणाशिवाय नाही.

उन्हाळ्यातलं एक कारण विदर्भातल्या लोकांना चटकन ओळखता येईल. बहुतेक सेलना ४५ अंशांच्या वर चार्ज करायचं नसतं, म्हणून संरक्षक चिप चार्जिंग थांबवते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला खोलीतच ४० अंश असतील तर बॅटरीजवळचं तापमान तो आकडा सहज ओलांडतं. दुपारी चार्ज होत नाही आणि पहाटे होतो, असं असेल तर दुरुस्ती पंख्यात किंवा कूलरमध्ये आहे, बॅटरीत नाही.

३० टक्क्यांवर पटकन बंद पडतो

इथे दोन शक्यता. चिपचा अंदाज चुकलाय, किंवा सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून करंटला होणारा अडथळा, वाढलाय. फरक ओळखायला सोपी चाचणी: ४० टक्क्यांवर ब्राइटनेस कमी करून फक्त एखादं लिखाण उघडा आणि चालू द्या. नंतर पुन्हा ४० पर्यंत भरून या वेळी व्हिडिओ कॉल किंवा जड काम चालवा. हलक्या कामात ५ टक्क्यांपर्यंत नीट उतरतो आणि जड कामात ३०लाच मरतो, तर सेल थकलेत: जास्त करंट मागितला की त्यांचा दाब कोसळतो आणि चिप वीज तोडते. दोन्ही वेळा सारख्याच टक्क्यांवर बंद पडत असेल तर आधी कॅलिब्रेशन, म्हणजे चिपचा अंदाज नव्याने जुळवणं, करून बघा.

कॅलिब्रेशन असं: चार्जिंगवर मर्यादा लावली असेल तर ती काढा. १०० टक्के भरा आणि दोन तास तसंच चार्जरवर राहू द्या. स्लीप ‘नेव्हर’वर ठेवा आणि ५ टक्क्यांना हायबरनेट (उघडं काम डिस्कवर साठवून बंद) व्हायला सांगा. चार्जर काढून साध्या कामात उतरू द्या. हायबरनेट झाल्यावर दोन-तीन तास थंड होऊ द्या, मग मध्ये न तोडता १०० पर्यंत भरा. शेवटी मर्यादा परत लावा.

याने क्षमता वाढत नाही, आकडा खरा होतो एवढंच. रिपोर्टमधली फुल चार्ज कपॅसिटी यानंतर घटलेली दिसली तर घाबरू नका, आधीचा आकडा खोटा होता. वर्षातून एक-दोनदा पुरे, तेही आकडा चुकतोय असं दिसलं तरच. ‘महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण उतरवावी’ हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला आहे. लिथियम-आयनला त्या जुन्या बॅटऱ्यांसारखी सवय लागत नाही. पूर्ण उतरवण्याने तिचं नुकसानच होतं.

आयुष्य कशाने वाढतं

उष्णता आणि पूर्ण भरलेपण हे दोन शत्रू, आणि दोघं एकत्र आले की सर्वांत वाईट. न वापरता ठेवलेल्या लिथियम-आयन सेलचे ढोबळ आकडे बघा, सेलच्या प्रकारानुसार ते थोडे बदलतात. २५ अंशांना ४० टक्के भरून ठेवला तर वर्षाने सुमारे ९६ टक्के क्षमता उरते, १०० टक्के भरून ठेवला तर ८०. तापमान ४० अंश केलं की हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. म्हणजे काहीही काम न करता, फक्त काठोकाठ भरून गरम जागी ठेवल्यामुळे एका वर्षात तिसरा हिस्सा गेला.

म्हणून टेबलावर कायम चार्जर लावून काम करणाऱ्याने पहिली गोष्ट करायची ती चार्जिंगची मर्यादा लावण्याची. लेनोवोत व्हँटेज अ‍ॅपमधला कन्झर्व्हेशन मोड. आसूसमध्ये माय-आसूस अ‍ॅपातलं बॅटरीचं पान. डेलमध्ये बायोस सेटअपमधल्या (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमधल्या) बॅटरीच्या पानावर ‘प्रायमरिली एसी युज’ किंवा ‘कस्टम’. एचपीच्या बऱ्याच कार्यालयीन मॉडेलांत बायोसमधला बॅटरी हेल्थ मॅनेजर, त्यात ‘मॅक्सिमाइझ माय बॅटरी हेल्थ’. एसरचं स्वतःचं अ‍ॅप ८० टक्क्यांवर थांबवतं. मॅकवर ऑप्टिमाइझ्ड चार्जिंग चालू ठेवा. ८० पुरेसं आहे. कधीच बाहेर न जाणाऱ्या मशीनला ६० द्या. प्रवासाच्या आदल्या रात्री मर्यादा काढून पूर्ण भरून घ्या, एका दिवसाच्या १०० टक्क्यांनी काही बिघडत नाही. अशी सोय नसलेल्या जुन्या मशीनवर ८० झाले की चार्जर काढायचा आणि ३०ला लावायचा, एवढं जमेल तितकं करा. त्यापायी जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही.

उष्णतेचं बघायचं तर गादी, उशी आणि मांडीवरची शाल हे सगळे तळाच्या जाळ्या बंद करतात. खाली पाट किंवा मोठं पुस्तक घ्या. वर्षातून एकदा पंख्यातली धूळ काढा. उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवू नका, बंद असला तरी. आणि जड गेम खेळताना बॅटरी ८०च्या मर्यादेवर आहे ना ते आवर्जून बघा, कारण त्या वेळी ती प्रोसेसरच्या शेजारी भाजत असते.

बॅगेतली गोष्ट तर सगळ्यांच्या नजरेतून निसटते. नवे विंडोज लॅपटॉप झाकण मिटल्यावर पूर्ण झोपत नाहीत. मोबाइलसारखे अर्धजागे राहतात, नेटवर्क तपासतात, अपडेट घेतात. बंद बॅगेत मशीन तापतं, तासाभराने बाहेर काढावं तर तळ चटका देतो आणि २० टक्के गायब. उपाय: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ’, आणि तिथे बॅटरीवर असताना ‘हायबरनेट’ निवडा. यादीत हायबरनेट दिसत नसेल तर त्याच पानावर वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबून खाली टिक करा. चालू व्हायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतात, बाकी तोटा नाही.

महिनाभर किंवा जास्त काळ वापरायचा नसेल, शाळेचे लॅपटॉप मेच्या सुट्टीत जसे कपाटात जातात, तर ५० टक्के भरून, स्लीप न करता पूर्ण बंद करून, थंड कोरड्या जागी ठेवा. दोन महिन्यांनी काढून पुन्हा ५० पर्यंत आणा.

व्होल्टेज खालीवर होतं म्हणून बॅटरी जाते हा गैरसमज. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टमध्ये चालतो, लेबलवर लिहिलेलंच असतं. गावाकडे ट्यूब लागेनाशी होईपर्यंत दाब उतरला तरी त्याला फरक पडत नाही. धोका आहे तो वीज परत येतानाच्या झटक्याचा आणि विजा कडाडतानाचा. तेव्हा प्लग काढा, आणि त्यातही आधी चार्जर जळतो, बॅटरी नाही.

नवी घेताना आणि बसवताना

मशीनच्या मॉडेल नंबरवरून बॅटरी मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन वेगळ्या बॅटऱ्या येतात. जुनी उघडून तिच्यावरचा पार्ट नंबर, व्होल्ट, वॉट-तास, कनेक्टरचा आकार आणि स्क्रूच्या भोकांच्या जागा यांचा फोटो काढा आणि त्यावरून घ्या. तीन सेलच्या जागी चार सेलची चालत नाही. लेबलवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, आयएस १६०४६ आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून पडताळता येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर ऑनलाइन, एवढी एक मिनिटाची तपासणी दुकानातच करा किंवा पार्सल उघडताक्षणी करा. त्याच आकारात मूळ बॅटरीच्या दीडपट क्षमता छापलेली दिसली तर ती बॅटरी नकली. बनवल्याची तारीख वर्षाच्या आतली मागा.

स्वतः बदलणार असाल तर आधी जुनी २५ टक्क्यांच्या खाली उतरवा. कमी भरलेली बॅटरी चुकून दुखावली तर धोका कमी. शटडाउन करताना शिफ्ट दाबून ठेवा म्हणजे मशीन पूर्ण बंद होतं. बारीक फिलिप्सचा, सहसा पीएच-झिरोचा, स्क्रूड्रायव्हर लागतो. मॅकबुकला पाच पाकळ्यांचा. स्क्रू लांब-आखूड असतात आणि आखूडच्या जागी लांब गेला तर मदरबोर्ड फोडतो, म्हणून कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा. रबरी पायांखाली लपलेले स्क्रू विसरू नका, जोर लावायच्या आधी ते शोधा. पत्रा उघडायला जुनं प्लास्टिकचं कार्ड चालतं, चाकू नाही. उघडल्यावर पहिलं काम एकच: बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. वायर धरून ओढू नका, कनेक्टर दोन्ही कडांनी थोडाथोडा सरकवा. बॅटरी सेलोटेपसारख्या डिंकाने चिकटवलेली असेल, जशी बऱ्याच मॅकबुकमध्ये असते, तर इथेच थांबा आणि सर्व्हिस सेंटर गाठा.

नवी बसवल्यावर पॉवर बटणाला प्रतिसाद आला नाही तर चार्जर लावा. बऱ्याच नव्या बॅटऱ्या वाहतुकीसाठी झोपवलेल्या असतात आणि चार्जर लागल्यावरच जाग्या होतात. पहिल्याच दिवशी बॅटरी रिपोर्ट पुन्हा काढून जपून ठेवा. सायकल काउंट एक-दोनच्या पुढे असेल, किंवा वॉटच्या हिशोबाने यायला हवा त्याच्या निम्माच वेळ चालत असेल, तर परत करायची मुदत संपायच्या आत परत करा.

जुनी बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकू नका. घंटागाडीत कचरा दाबला जातो, सेल चिरडले जातात आणि गाडी पेटते. कनेक्टरवर चिकटपट्टी लावा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि विकणाऱ्या दुकानात किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला परत द्या. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी त्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. ते घेत नसतील तर अधिकृत ई-कचरा केंद्रांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. फुगलेली असेल तर कुरिअरने किंवा विमानाच्या सामानात पाठवू नका, स्वतः नेऊन द्या.